बारापैकी अकरा

२ सप्टेंबर, सोमवार

आलो एकदाच्या! नोकरी, राहायची जागा आणि गुंडीची बालवाडी, तिन्ही एकाच आवारात. आई म्हणाली, आंधळा मागतो एक डोळा अशी गत झाली. मग मोतीबिंदू तिच्याच डोळ्यात आहे हे आमच्या लक्षात आलं आणि आम्ही दोघी सामानाच्या खोक्यांवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. गुंडीला काही कळलं नाही, पण तीही हसली. हसण्यात मागं राहिलेलं तिला खपत नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक न्हाणीघर, ज्याचा नळ पाणी सोडण्याआधी म्हाताऱ्यासारखा खाकरतो. खिडकीतून बालवाडीचं मागचं अंगण दिसतं. आईचा गुडघा धड नाही, काठीशिवाय तिचं पान हलत नाही. पण जिन्याला कठडा आहे, तेव्हा जमेल म्हणाली. गुंडीच्या बापाचा विषय या वहीत काढायचा नाही असं ठरवलंय. तो गेला, त्याच्या जागी सुखी आहे. संपलं.

संस्थेचं काम आईला समजावताना माझी दमछाक झाली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आपलं चुकलं असं कधी वाटतं, लाज कधी वाटते, दुसऱ्याचं दुःख बघून कणव कधी येते, ते आम्ही मोजायचं. आई म्हणाली, ही काय तराजूत टाकायची वस्तू आहे का, पोराच्या तोंडावर दिसतं की. मी म्हटलं, तेच तर. तोंडावर दिसतं ते लिहून काढायचं.

४ सप्टेंबर, बुधवार

कामाची पद्धत शिकले. सविस्तर लिहून ठेवते.

एक लहान खोली. बुटकं टेबल, दोन खुर्च्या, भिंतीत मोठा आरसा. खोलीतून बघितलं तर तो आरसा, पलीकडून बघितलं तर नुसती काच. पलीकडच्या अंधाऱ्या केबिनमध्ये मी, पेन्सिल आणि तक्ता घेऊन. शेजारी कॅमेरेवाले काका. खोलीत मूल आणि एक तरुण मुलगी, जिला सगळी पोरं खेळताई म्हणतात. खेळताई मुलाच्या हातात एक लाकडी बदक देते. माझं लहानपणापासूनचं आहे हं, जपून, असं सांगते आणि पाठ फिरवून कपाटात काहीतरी शोधायला लागते. बदकाची मान मुद्दाम सैल ठेवलेली. मूल जरा चाळा करतं आणि मान हातात येते. खेळताई वळते, अरेरे म्हणते आणि एक मिनिट काही बोलत नाही.

ते एक मिनिट माझं. चार गोष्टी बघायच्या. नजर खाली जाते का? अंग आकसतं का? जोडायची धडपड करतं का? आपण होऊन कबूल करतं का? प्रत्येकाला शून्य ते तीन. एकूण बारा. मिनिट संपलं की खेळताई बदक आत नेते, धड बदक घेऊन येते, आणि ते आधीच मोडलेलं होतं, तुझी काही चूक नाही, असं नीट पटवून देते. मग बिस्कीट. मूल हसत बाहेर. दर मुलाच्या अशा तीन पाळ्या, आठवड्याच्या अंतरानं.

माझा पहिला गडी मोठ्या कानांचा, साडेतीन वर्षांचा. त्यानं बदकाची मान थुंकी लावून चिकटवायचा प्रयत्न केला. पुन्हा पुन्हा. मग मान खाली घालून म्हणाला, मी मोडलं. मला अंधारात रडू आलं. काका हसले, म्हणाले, महिनाभरात कातडी जाड होईल. त्याला दहा दिले.

मोठ्या बाईंनी (संस्थेच्या प्रमुख, पांढरे बारीक कापलेले केस, आवाज इतका हळू की आपण पुढं वाकावं) एक नियम दोनदा बजावला. आपल्या मुलाचं आपण मोजायचं नाही. गुंडीचं चित्रण बाहेरगावच्या परीक्षकाकडे जाईल. मी म्हटलं, अर्थातच.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

नऊ दिवसांत सतरा मुलं. रुळले. बालवाडीतल्या सगळ्यांच्या आयांनी संमतीपत्रावर सही केलीय, तशी मीही केली. मोठ्या बाई केबिनमध्ये कधीच येत नाहीत, म्हणून मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, मी मोजत नाही, मी फक्त बेरजा बघते. काय एकेक माणसं असतात!

आज गुंडीची पहिली पाळी होती. मी नियमानं बाहेर बसले. दुपारी काका जेवायला गेले आणि तिचं चित्रण यंत्रात तसंच होतं. नुसतं बघणार होते. खरंच. पण हातात पेन्सिल होती आणि समोर कोरा तक्ता.

माझी पोर! मान तुटताक्षणी तिनं बदक छातीशी धरलं. डोळे भरले, पण रडली नाही. खेळताईच्या पदराला... म्हणजे ओढणीला हात लावून म्हणाली की माझ्याकडून झालं, मी तुला माझं अस्वल देते. बारापैकी अकरा. आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. मी तो तक्ता घडी करून घरी आणला आणि आईला दाखवला. आई म्हणाली, नियम मोडलास ना. म्हटलं, कुणाला कळतंय.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दुसरी पाळी. गुंडीचीही बघितली. सहा. मला जरा वाईट वाटलं, खोटं का सांगू. जणू परीक्षेत मार्क कमी पडले. पण सगळ्यांचेच निम्म्यावर आलेत. मोठ्या कानांचा चारवर आला. मोठ्या बाई म्हणाल्या, सवय. तोच खेळ दुसऱ्यांदा, पोरं काय मूर्ख असतात?

पटलं.

स्वतःची एक गंमत: हल्ली मी सगळ्यांची माफी मागत सुटलेय. भाजीवाल्याकडं सुटे नव्हते तर मीच म्हटलं, माझं चुकलं. खाकरणाऱ्या नळालासुद्धा म्हटलं परवा. आई म्हणाली, इतकी गरीब गाय कधीपासून झालीस.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तिसरी पाळी. गुंडी, शून्य.

मी चित्रण तीनदा पाहिलं. मान तुटली. तिनं ती टेबलावर ठेवली, सरळ, नीट, आणि खेळताईकडं बघत बसली. नजर खाली गेली नाही. मिनिटभर. मग विचारलं, बिस्कीट आत्ता की नंतर?

ही खरंच सवय आहे का, ते मी नव्यानं तपासायचं ठरवलं. तिन्ही पाळ्या झालेल्या चार मुलांना बदकाऐवजी रंगीत पाण्याची बाटली दिली. पूर्वी कधी न पाहिलेली. बाटली उलटली, खेळताईच्या चित्रांच्या वहीवर पाणी सांडलं. चारही शून्य. खेळताई वैतागून म्हणाली, मांजराइतकीसुद्धा यांना पर्वा नाही. मोठ्या कानांच्यानं ओल्या कागदाला बोट लावून भोकं पाडली.

दुपारी डुलकी लागली होती. जागी झाले ती दचकून. मी काहीतरी मोडलं होतं. कुणाचं, काय, ते आठवेना. पण मोडलं होतं नक्की, आणि कुणीतरी येऊन विचारणार होतं. अर्धा तास मी घरभर तुटलेली वस्तू शोधत फिरले.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज फाटकापाशी एक आई आली होती. तिच्या जुळ्या मुली, पाच वर्षांच्या. एक आमच्या बालवाडीत येते. दुसरी दम्यामुळं घरी मावशीजवळ असते. आमच्याकडच्या मुलीच्या तिन्ही पाळ्या झाल्यात, मीच मोजल्यात. घरच्या मुलीच्या तीन बोटांना पट्ट्या.

आमच्याकडचीनं बहिणीची बोटं दाराच्या फटीत धरून दार लावलं आणि दाबून ठेवलं. दहा म्हणेपर्यंत. अंक तिला इथंच शिकवलेत. मग दार उघडून म्हणाली, भूक लागली. ती आई रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. ती मला विचारत होती, की दोघींना मी एकाच दिवशी जन्म दिला, एका ताटात भरवलं, मग एकीतच हे कुठून आलं?

मी म्हटलं, मी केलं. मला क्षमा करा, मी दाबलं दार. तोंडातून हेच निघालं. ती बाई दोन पावलं मागं सरकली. माझा हात दुखत होता, जोर लावून दुखावा तसा.

८ ऑक्टोबर, मंगळवार

काकांना गाठलं. माझ्याआधी या खुर्चीत कोण होतं? ते बराच वेळ वायर गुंडाळत बसले. मग म्हणाले, एक पोरगी होती, फार हसरी. दोन वर्षं मोजलं तिनं. शेवटी शेवटी कॅमेऱ्याची माफी मागायची. जिन्याची, दिव्याच्या बटणाची. एक दिवस सगळ्यांच्या डब्यांसमोर उभी राहून रडली की हे सगळं मी सांडलंय. डबे भरलेले होते. भाऊ येऊन घेऊन गेला.

पत्ता लिहून दिला. म्हणाले, जाऊ नकोस. पण दिला.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आई पडली.

मी कामावर होते. आई गुंडीला बालवाडीतून आणून जिना चढत होती. मधल्या वळणावर दम घ्यायला थांबली, काठी भिंतीला टेकवली. गुंडीनं काठी उचलली, पाच पायऱ्या खाली गेली आणि मांडीवर काठी घेऊन बसली. आईनं आधी गमतीनं मागितली. मग रागावून. मग, आई म्हणते, हात जोडून. गुंडी वर तोंड करून बघत राहिली. आई कठडा धरून उतरायला गेली...

मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. डोक्याला टाके.

गुंडी रडली नाही, लपली नाही, खोटंही बोलली नाही. विचारलं तर जसं झालं तसं सांगितलं. आजी पडली तेव्हा कसा आवाज झाला, तो तिनं मला तोंडानं करून दाखवला. दोनदा. दुसऱ्यांदा जास्त बरोबर जमला म्हणाली.

आणि आई, टाके पडलेली माझी आई, मलाच समजावत होती, अगं तू का इतकी रडतेस, तू थोडीच काठी घेतलीस.

मी घेतली. मला मांडीवर तिचं वजन लागतंय.

१४ ऑक्टोबर, सोमवार

रजा टाकून तिच्याकडं गेले. माझ्या आधीचीकडं. भावानं दार उघडलं. मी संस्थेतून आले म्हटल्यावर लावायला लागला. मी दारातच रडायला लागले. तेव्हा त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, तुम्हालाही झालं का.

ती भिंतीकडं तोंड करून जमिनीवर बसली होती. वय तिशीच्या आत, केस पिकलेले. मला बघून सांगायला लागली. मी मोडलं, मी सांडलं, मी त्याला ढकललं, मी पिल्लू डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. लहान मुलांच्या बोलीत, एकामागून एक, न थांबता. भाऊ म्हणाला, जागी असेपर्यंत असंच. यातलं एकही तिनं केलेलं नाही.

मधेच तिचा आवाज बदलला. मोठ्या माणसासारखी बोलली. म्हणाली, बाईंचं मी मोजलं. बाई त्या खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, माझं मोज. तीनदा मोजलं. बाई बऱ्या झाल्या. मग तिनं माझा हात धरला, इतका घट्ट, की नखं रुतली. म्हणाली, मला कुणी मोजत नाही. एकदा तरी मोजा. मोजा ना.

माझ्या पर्समध्ये पेन्सिल होती. मी पळून आले.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. सगळं तोंडावर फेकलं. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावून घेतलं, मला पाणी दिलं. नाकारलं काहीच नाही.

त्यांनीच सुरू केलं होतं हे काम. पहिली अकरा मुलं त्यांनी स्वतः मोजली आणि वर्षभर अंथरुणावरून उठल्या नाहीत. का होतं ते त्यांना आजही माहीत नाही. बघणारा फार जवळून बघतो, आकडा मांडतो, आणि जे मोजलं ते मुलाकडून मोजणाऱ्याकडं येतं. तीनदा झालं की सगळं. म्हणाल्या, तोटा कुणाचा? पोरं सुखानं झोपतात. निम्म्या आया येऊन आभार मानतात की आता पोरगं कुरकुर करत नाही.

मी विचारलं, आणि जुळ्यांची बोटं? आणि माझी आई? त्या विचार करत राहिल्या. खरोखरच, गणित अडल्यासारख्या. मग म्हणाल्या, हो, ते वाईट झालं असं म्हणतात खरं.

असं म्हणतात.

मी पाया पडले त्यांच्या. माझ्या पोरीचं तिला परत कसं द्यायचं ते सांगा. त्या सहज म्हणाल्या, तिला मोजायला बसव की, तू समोर बस. पण तुझ्यात आता तिचं एकटीचं नाही. बत्तीस मुलांचं आहे. त्यातलं गुंडीचं तेवढं निवडून देता यायचं नाही.

खिचडीतून... नाही, दुधातून पाणी काढण्यासारखं, म्हणाल्या. आणि हसल्या.

राजीनामा टेबलावर ठेवून आले. जागा महिनाअखेर सोडायचीय.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

गुंडी आज आईच्या प्लास्टरवर हळूहळू बोट दाबून बघत होती, कुठं दाबलं की आजी ओरडते. चिडून नाही. शिकत होती.

मी तिला सगळं करून पाहिलं. समजावलं. जवळ घेतलं. एक चापट मारली, आयुष्यात पहिल्यांदा. तिनं गालाला हात लावला आणि माझ्या चेहऱ्याकडं इतक्या कुतूहलानं बघितलं, की मीच तोंड झाकून घेतलं.

मी केलं हे. बत्तीस पोरांचं मला माहीत नव्हतं. पण हिचं मला मोजू नकोस म्हणून सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. सगळ्या परक्या ओझ्यांत हे एक माझं स्वतःचं आहे, आणि तेच सगळ्यात जड.

एकदाच बसवायचं. फक्त एकदा. थोडंसं जाईल, त्यात तिचं असेलच की. जास्त झालं तर थांबेन. आई आहे मी, मला कळेल कुठं थांबायचं.

आई म्हणते, करू नकोस. म्हणते, वाढेल पोर, आपण दोघी आहोत, शिकवू हळूहळू. पण तिनं परवापासून स्वयंपाकघरातल्या सुऱ्या माळ्यावर ठेवल्यात. बोलली नाही. मी पाहिलं.

२० ऑक्टोबर, रविवार

संस्था बंद. काकांनी किल्ली दिली, डोळ्याला डोळा भिडवला नाही.

गुंडीला केबिनमध्ये बसवलं. सांगितलं, आई खाली बघेल तेव्हा एक रेघ, आई दुखऱ्या तोंडाची झाली की एक रेघ. तिला खेळ वाटला. मी आरशासमोर बसले. काही मोडावं लागलं नाही. नुसती बसले आणि सगळं वर आलं. आरशात मला माझंच तोंड दिसत होतं, आणि पलीकडं पेन्सिलीची खरखर.

एक मिनिट. तक्ता पुरला नव्हता, तिनं मागच्या बाजूलाही रेघा मारल्या होत्या.

घरी आल्यावर ती आजीसमोर उभी राहिली. म्हणाली, आजी, मी काठी घेतली. आणि रडली. काय रडली! आईनं एका हातानं तिला कुशीत घेतलं. आम्ही तिघी रडलो. देवा. देवा. परत आली माझी पोर.

२१ ऑक्टोबर, सोमवार

चांगली झोपले. कितीतरी दिवसांनी. छाती हलकी.

गुंडी सकाळी आजीच्या पायाशी बसून होती. दुपारी मात्र पुन्हा ते प्लास्टर दाबणं – एकदाच, आणि लगेच हात मागं घेतला. म्हणजे अर्धवट आलंय. पुरतं नाही.

मी तीन तक्ते भरले होते. मग तीनच लागणार, नाही का? साधा हिशोब.

आई म्हणते, आता पुरे. तूच म्हणाली होतीस एकदाच.

म्हणाले होते.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दुसऱ्यांदा बसलो. जेवणाच्या सुट्टीत, केबिन रिकामी होती.

बाहेर आली ती पांढरीफटक. पेन्सिल मुठीतून सुटेना. वाटेत म्हणाली, मी तिची बोटं दारात दाबली. कुणाची गं? माहीत नाही, म्हणाली, पण मी दाबली. मी दहा म्हटलं.

त्या मुलीला ती कधी भेटलेलीसुद्धा नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

जेवत नाही. ताटाची माफी मागते. भात चावला की त्याला दुखतं म्हणते.

बदक – बाटली – पिल्लू – कुणाकुणाचं काय काय सांगते. चार वर्षांची आहे. हे शब्द तिचे नाहीत.

थांबायला हवं. लिहून ठेवते, कारण – कसं सांगू – थांबायला हवं हे डोक्याला कळतंय, पण पोटात जे व्हायचं ते होत नाही. काल गुंडी केबिनमधून बाहेर आली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे, की मला बरं वाटतंय.

जे मला थांबवणार होतं तेच मी तिला देतेय. तीनातले दोन हिस्से देऊन झालेत. हे मी आत्ता लिहू शकते. उद्या लिहू शकेन की नाही –

आई, तू हे वाचलंस तर तिला घेऊन जा. माझं ऐकू नकोस. मी कितीही शहाण्यासारखं बोलले तरी –

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

मागचं वाचलं. जरा अतीच लिहिलंय.

विचार करून बघितलं. अर्धवट ठेवलं तर पोर अधांतरी राहील. दोन झाल्या, एक राहिली. पुरं करावं.

आईनं पिशवी भरली होती, गुंडीची आणि तिची. म्हणे गावाला जातो. एका हातानं काय जाणार. पिशवी मी रिकामी केली.

रडली. दोघी रडल्या. आवाज फार होतो या घरात.

२७ ऑक्टोबर, रविवार

आई दारात आडवी आली. बाजूला केली. प्लास्टरचा हात होता, लागलं असेल.

गुंडी यायला तयार नव्हती. उचलून नेली. तक्त्यावर नाही, भिंतीवर रेघा मारत होती. थांब म्हटलं तरी मारत होती.

झाल्या तिन्ही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

छान ऊन आहे. नळाची तक्रार द्यायची राहिलीय.

गुंडी कपाटात जाऊन बसलीय, सकाळपासून. आतून सगळ्यांची माफी मागतेय, नावं घेऊन, मग नावाशिवाय. आई कपाटासमोर जमिनीवर बसलीय. दार आतून धरलंय म्हणते. माझ्याकडं बघून म्हणते, अगं, तू आई ना तिची, ये ना, तुझ्या हाकेला उघडेल.

चहा ठेवलाय. पाण्याला आधण आलंय.

आता आतला आवाज थांबला. बरं झालं. आई दारावर हात आपटतेय, प्लास्टरचाच, वेडी. मला हाका मारतेय. उठून बघायला हवं, असं म्हणतात. बघते. एवढा चहा गाळला की –